परमुलखातील आरोग्यसेवेची पूर्वतयारी

भारत सरकारने 1964 साली तांत्रिक व आर्थिक सहकार्याची योजना सुरू केल्यापासून आपले तज्ज्ञ आशिया-आफ्रिकेतील राष्ट्रांत जात आहेत आणि तेथील उमेदवार आपल्याकडे शिकावयास येत आहेत. या देवघेवीत सार्वजनिक आरोग्याच्या सेवकाची पूर्वतयारी कशी व्हावी, याविषयी आमचे मत स्पष्ट आहे: ज्याने स्वतःच्या मुलखातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्यासह पुरते एक वर्ष काढलेले नाही, त्यास परमुलखात सल्लागार म्हणून पाठवू नये.

या मताचा आधार आपल्या कोकणातच आहे. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी रात्री जागून, दरदरून सुटणारा घाम, ओकाऱ्या, गार पडणारे हातपाय, आधी चढणारा रक्तदाब व मागाहून फुप्फुसांत पाणी साचून लागणारी धाप, हा सारा क्रम बारकाईने टिपला. 1982 साली तो 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वेळीच देण्यास आरंभ केला आणि ज्या दंशाने धडधाकट शेतकरी व कोवळी मुले दगावत, त्यावर तालुक्याच्या ठिकाणी परवडेल असा इलाज सापडला. विंचवाचा उपद्रव ट्युनिशिया, मोरोक्को, मेक्सिको व ब्राझील या देशांतही आहे. परंतु तेथील विंचवाच्या जाती निराळ्या असल्यामुळे आपली गोळी तेथे जशीच्या तशी लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. तेथे नेण्याजोगी आहे ती रुग्णाजवळ बसून पाहण्याची, वेळेची नोंद ठेवण्याची आणि हाताशी असलेल्या साधनांतून मार्ग काढण्याची शिस्त. आणि ती केवळ वर्गात बसून अंगी बाणत नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, त्यांनी तेथील भाषा आत्मसात केली आणि 1942 साली निधन होईपर्यंत रुग्णसेवेबरोबरच स्थानिक तरुणांना वैद्यक शिकविले. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून उभारलेल्या प्रकल्पात, खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या आणि परदेशांतून येणारे प्रशिक्षणार्थी त्यांच्याकडून धडे घेऊ लागले. दोन्ही ठिकाणी बाहेरून आलेल्या ज्ञानाने स्थानिक माणसास समर्थ केले, हेच त्यांच्या यशाचे मर्म होय.

रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि भोवती घाटमाथ्यापासून खाडीपर्यंत पसरलेली उपकेंद्रे आहेत. परदेशी कामगिरीवर जाणाऱ्यांसाठी येथे वर्षभराच्या उमेदवारीची तजवीज व्हावी. वहाळ भरून वाडीचा संपर्क तुटला असता बाळंतिणीस कसे हलवावे, वीज गेल्यावर लसींची शीतसाखळी कशी राखावी, जन्ममृत्यूच्या दप्तरातील गाळलेली नोंद कशी हुडकावी आणि आशाताईंच्या बैठकीत आपण बोलण्याआधी त्यांचे म्हणणे कसे ऐकावे, हे त्यांनी येथे शिकावे. त्यांची परीक्षाही अहवालाच्या पृष्ठसंख्येवर न घेता, मुदत संपून ते परतल्यावर त्यांनी शिकविलेली माणसे तेच काम त्यांच्यावाचून चालवितात की नाही, यावर घ्यावी. महाविद्यालयाने व जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने या दृष्टीने एकत्र बसून अभ्यासक्रमाचा कच्चा मसुदा करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. आणि त्या कामी आपला अनुभव लेखी कळविणे हे या मासिकाच्या प्रत्येक वाचकाचे कर्तव्य आहे.