कोरड्या पायांचा बाजार

जून उजाडला की दुकानांच्या काचेत ‘वॉटरप्रूफ’ असं लेबल लटकवलेले ट्रेकिंगचे बूट येऊन बसतात, आणि ट्रेक काढणाऱ्यांच्या सामानाच्या यादीत ‘वॉटरप्रूफ शूज आवश्यक’ ही ओळ हमखास उगवते. ही ओळ लिहिणाऱ्याने भर जुलैत अंधारबनाची वाट तुडवली असेल यावर माझा विश्वास नाही. तिथले ओढे बुटाची उंची विचारून वाहत नाहीत. विसापूरला तर पायऱ्यांवरूनच पाण्याचा लोंढा येतो आणि माणसं त्यातूनच वर चढतात. अशा ठिकाणी बुटाच्या भिंती कितीही अभेद्य असोत, वरचं तोंड उघडंच असतं ना! पाणी शिवणीतून शिरत नाही. गुडघ्यावरून ओघळत, मोज्याला धरून ते सरळ आत उतरतं. मग त्या अभेद्य भिंतींचा खरा पराक्रम सुरू होतो. आत आलेलं पाणी त्या बाहेर जाऊ देत नाहीत. दहा-बारा हजार मोजून आपण पायात बादली चढवलेली असते.

दुकानातला पोरगा मोठ्या ऐटीत बुटावर बाटलीतलं पाणी ओततो. थेंब घरंगळतात, गिऱ्हाईक खूश. एकाला मी म्हटलं, ‘अरे, वर काय ओततोस? आत ओत, आणि किती वेळात रिकामा होतो ते दाखव.’ त्याने मॅनेजरला हाक मारली.

त्या घरंगळण्याचं श्रेय असतं वरच्या पाणी झटकणाऱ्या लेपाला. चिखल आणि गवत घासून तो लेप झिजतो, मग बाहेरचं कापड पाणी पितं. आतला पडदा ही वेगळी गोष्ट. १९६९ साली बॉब गोर या अमेरिकन माणसाने टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक झटक्याने ताणलं आणि त्यातून गोर-टेक्सचा पडदा जन्माला आला. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या कणापेक्षा शेकडो पटींनी मोठी. थेंब आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. कल्पना अस्सल आहे, तिची टिंगल करायचं कारण नाही. फक्त वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. ताम्हिणीत ढग अंगावरून चालत असताना, कापड भिजून चिंब झालेलं असताना, ती वाफ जाणार कुठे? म्हणजे समजा ओढा चुकवला, पाऊसही चुकवला, तरी पाय स्वतःच्याच घामात शिजतो. हिमालयात बर्फावर हाच बूट बोटं वाचवतो. तिथे जरूर घ्या. सह्याद्रीतल्या पावसात ओल्या पायाने थंडी वाजून कोणाची बोटं झडत नाहीत. झडतात त्या फोडांच्या साली, आणि त्या पायाशी तासन्‌तास कोंडून ठेवलेल्या पाण्यामुळे.

आरामदायीपणाचा तर वेगळाच तमाशा. एसी दुकानात, गालिच्यावर चार पावलं चालून ‘कम्फर्टेबल आहे’ म्हणायचं! बुटाची परीक्षा उतारावर होते. हरिश्चंद्रगडावरून तोलार खिंडीकडे उतरताना अंगठा पुढे जाऊन आपटतो, आणि आठवड्यात नख काळं पडतं. आपल्याकडे पुष्कळांचे पंजे रुंद, आणि परदेशी फर्मे बहुतेक निमुळते. मग विक्रेता एक नंबर मोठा देतो. लांबी वाढते, पंजा तरी आवळलेलाच, टाच मात्र सुटते. जाडे मोजे घालून, संध्याकाळी पाय सुजलेले असताना बूट घालून बघा म्हणून सांगणारा विक्रेता मला अजून भेटायचा आहे. तिरकी फळी ठेवलेलं दुकान तर मागायलाच नको.

आणि ज्याने माणूस खरोखर मरू शकतो ते तळव्याचं रबर, त्याविषयी अवाक्षर नाही. १९३५ साली आल्प्समध्ये इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी याचे सहा सोबती दगावले. पायातलं पादत्राण त्या हवेला पुरं पडलं नव्हतं. त्या धक्क्यातून त्याने खोल खाचांचा रबरी तळवा घडवला, तोच व्हिब्रम. आल्प्समधल्या मरणातून निघालेलं उत्तर होतं ते. आपला प्रश्न आहे शेवाळलेला बेसॉल्ट. त्यावर कडक रबराच्या कितीही खोल खाचा असोत, पाय सटकतोच. मऊ रबर निदान थोडं चिकटतं. पण लेबलावर पडद्याचं नाव ठळक असतं, रबराच्या मऊपणाबद्दल एक अक्षर नसतं.

गावातला वाटाड्या प्लॅस्टिकच्या बुटांत पुढे चालतो, तेव्हा शहरी मंडळी त्याच्या ‘नैसर्गिक तोला’चं कौतुक करतात. तोल आहेच, पण त्याच्या बुटाला भोकंही आहेत, हे कोणी बघत नाही. ओढा पार केला की चार पावलांत पाणी बाहेर.

महागड्या बुटाचा शेवटचा विनोद कपाटात घडतो. त्याच्या तळव्यातला मधला थर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो, आणि दमट हवेत तो नुसत्या बाष्पाने विघटित होत जातो. मुंबई-कोकणात जपून ठेवलेला बूट काही वर्षांनी बाहेर काढा; वरून नवाकोरा, आणि अर्ध्या चढावर तळवा खाली लोंबतोय. मग सुतळी बांधा.

यादी लिहिणाऱ्यांनो, ती ओळ खोडा. लिहा: जाळीचे, लवकर निथळणारे, मऊ रबराचे, पंज्याला ऐसपैस बूट, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून कोरडे मोजे, आणि पायाची नखं कापून या.