टेकडीखालचा पगार

देवासला जाऊन आलेला आपल्याकडचा संगीतप्रेमी माणूस परतल्यावर काय सांगणार, ते मला आता तोंडपाठ झाले आहे. माताजीची टेकडी, तिच्या पायथ्याचे कुमार गंधर्वांचे 'भानुकुल', माळव्याची लोकगीते, कबीर. सांगताना डोळे पाणावतात. पाणावू देत. पण या गोष्टीतला एक तपशील कुणी सांगत नाही. १९४८ च्या सुमारास क्षयाने खंगलेले कुमारजी कोरड्या हवेसाठी देवासला आले. पुढची काही वर्षे अंथरुणावर गेली, गाणे बंद. मग घर कशावर चालले? भानुमतीबाईंनी तिथल्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली, त्यावर. नवऱ्याची शुश्रूषाही त्यांनीच केली. म्हणजे आपण ज्याला भारतीय संगीतातला चमत्कार म्हणतो, त्याच्या तळाशी एका बाईचा महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आहे. संस्कृतीवर बोलताना हा शब्द आपल्याला जड जातो. आज मला त्यावरच बोलायचे आहे.

मुळात मराठी माणूस माळव्यात गेला तो कशासाठी? पोटासाठी. आपल्या पेडण्यातल्या केरीचे जिवबादादा केरकर महादजी शिंद्यांचे सेनापती झाले, ते घर सोडून चाकरीला निघाले म्हणून. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवारांनी धार आणि देवास घेतले आणि त्यांच्यामागून कारकून, फडणीस, पुराणिक, शिक्षक, गवई गेले. देवासची तर मौजच होती. गाव एक आणि राजे दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. इतिहासकार या प्रकाराला हसतात. मला मात्र त्यात दोन दरबार, दोन खजिने आणि दुप्पट कारकुनांच्या चुली दिसतात. धारमध्ये संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले भोजकालीन शिलालेख शोधत होते, तेही पगारी नोकर होते. मराठी तिथे रुजली ती अशी, दरमहाच्या पायावर.

१९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात गेला. दरबार गेला, दरबारची नोकरी गेली. पुढची पिढी इंदूर, भोपाळ, पुणे, मुंबई अशी पांगली. कुणी मराठीवर बंदी घातली नव्हती की कुणी पाट्या पुसल्या नव्हत्या. मराठीत काम करून मिळणारा पगार तेवढा संपला, आणि भाषा हळूहळू माजघरात जाऊन बसली.

'पण नंतर कारखाने आले की!' असे कुणी म्हणेल. आले. देवासला १९७० च्या दशकात नोटांचा छापखाना आला, चामड्याचे, गिअरचे, पंपांचे कारखाने उभे राहिले. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला १९८० च्या दशकात मोटारींचा उद्योग आला आणि त्याला भारताचे डेट्रॉइट म्हणू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच जिल्ह्यात बदनावरजवळ पंतप्रधानांच्या हस्ते वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. मंडपात नेहमीप्रमाणे इतके लाख रोजगार असा आकडा जाहीर झाला. रोजगाराचा आकडा नेहमी सांगतात, त्या रोजगाराचा पगार कुणी सांगत नाही.

तो मी सांगतो. मध्य प्रदेशात किमान वेतनाचे दर २०१४ नंतर थेट २०२४ मध्ये सुधारले गेले. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कायद्यात पाच वर्षांच्या आत फेरविचार करा असे लिहिलेले होते. इथे दहा वर्षे गेली. १ एप्रिल २०२४ पासून अकुशल कामगाराचे किमान वेतन महिना १०,१७५ वरून ११,८०० रुपये झाले. वाढ १,६२५ रुपयांची. तेवढीही सहन झाली नाही. उद्योजकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, इंदूर खंडपीठाने स्थगिती दिली, आणि ती डिसेंबरमध्ये उठेपर्यंत कामगार वाट पाहत राहिला. महिन्याला पावणेबारा हजारांत खोलीचे भाडे, गॅस, मुलाची फी आणि गावाकडे पाठवायचे पैसे कसे बसवायचे, हे भूमिपूजनाच्या भाषणांत कुणी समजावून सांगावे.

ज्यांना तेवढेही मिळाले नाही ते गुजरातेत गेले. धार, झाबुआ, अलीराजपूरचे आदिवासी तिथल्या गारगोटीचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत कामाला लागले. ती भुकटी फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि त्यावर उलटा इलाज नाही. तरणीताठी माणसे गावी परतली ती मरायला. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. घराजवळ मोटारींचे कारखाने असलेल्या जिल्ह्यातली माणसे श्वास विकायला परराज्यात गेली. यापुढे 'उद्योग आला की प्रश्न सुटतो' असे म्हणणाऱ्याने आधी धारला जाऊन यावे.

आता आपल्या अंगणात येऊ. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातला खाण उद्योग बंद केला, मार्च २०१८ मध्ये तो पुन्हा थांबला. ट्रकवाला, बार्जवाला, गॅरेजवाला एका फटक्यात घरी बसला. मे २०२४ मध्ये गोव्यातल्या कारखान्यांसाठीच्या मुलाखती महाराष्ट्रात ठेवल्या गेल्या आणि ओरड झाल्यावर रद्द झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून पैसे उकळल्याची प्रकरणे एकामागून एक बाहेर आली, अटका झाल्या. आणि या सगळ्यावर आपल्या सुशिक्षितांचा निष्कर्ष काय? 'आमच्या मुलांना कष्ट नकोत. सगळ्यांना सरकारी खुर्ची हवी. सुशेगाद!'

हा निष्कर्ष मला संतापजनक वाटतो. डिप्लोमा केलेला मुलगा ठेकेदाराकडे लागतो. नेमणुकीचे पत्र नाही, अकरा महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, शेजारी तेच यंत्र चालवणाऱ्या कायम कामगाराला दुप्पट पगार. असा मुलगा शिपायाच्या जागेसाठी अर्ज करतो तेव्हा तो आळशी नसतो. त्याने गणित केलेले असते आणि ते बरोबर असते. त्याला आळशी म्हणणारे बहुतेक जण स्वतः सरकारी निवृत्तिवेतनावर जगत असतात, ही आणखी एक गंमत.

'उद्योग टिकायचे तर खर्च आवाक्यात हवा,' हा आक्षेप मला मान्य आहे. लहान कारखानदाराचे हाल मी पाहिले आहेत. पण ज्या धंद्याचा हिशेब फक्त कामगाराला अर्धपोटी ठेवूनच जुळतो, त्याला जमीन, वीज आणि पाणी सवलतीत का द्यायचे? ती सवलत तुमच्या-माझ्या करातून जाते. आणि सरकार स्वतः काय करते? समान कामाला समान वेतन हे तत्त्व सरकारी सेवेतल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये सांगितले. आपल्या कचेऱ्यांतल्या कंत्राटी मुलींना त्यांचे पगार विचारून पाहा.

मराठीवर प्रेम करणाऱ्या माझ्या मित्रांना म्हणून एकच विनंती. राजभाषेचा झगडा १९८७ पासून चालू आहे, तो चालू द्या, मीही त्यात आहे. पण पुढच्या मेळाव्यात एक ठराव पोटाचाही मांडा. प्रत्येक जाहिरातीत पगाराचा आकडा छापा, प्रत्येक नेमणुकीचे पत्र द्या, सवलत घेणाऱ्या कारखान्याने कंत्राटी कामगाराला कायम कामगाराइतके वेतन द्यावे. यात साहित्य कुठे आले, असे व्यासपीठावरून कुणी विचारील. त्याला देवासचे नाव सांगा.

मराठी राजांची दोन सिंहासने एका गावात असूनही तिथे मराठीला आधार उरला नाही, कारण पगार उरला नाही. आणि त्याच गावात एका शिक्षिकेच्या पगारावर एक गाणे मरणाच्या दारातून परत आले. आपल्या मुलाची बॅग भरून त्याला दुबईच्या विमानात बसवणाऱ्या आणि संध्याकाळी मराठीच्या भवितव्यावर परिसंवाद ऐकणाऱ्या आपण सगळ्यांनी यातले आपल्याला काय हवे ते ठरवावे.