न विचारता सांगण्याचे कर्तव्य

सुमात्रातील बेंकूलेन येथे ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो होता. त्याचे गव्हर्नर जॉर्ज कार्टर यांनी हा किल्ला परकीय शत्रूच्या हाती पडण्याच्या जोखमीचा विमा लंडनमध्ये उतरवला आणि १७६० मध्ये फ्रेंचांनी तो खरोखरच घेतला. किल्ल्याचा दुबळेपणा आपल्यापासून लपवला, असे म्हणत विम्याची जोखीम घेणाऱ्या बोएमने पैसे नाकारले. १७६६ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी निकाल कार्टरच्या बाजूने दिला. पण विम्याच्या कायद्यात टिकले ते त्यांनी मांडलेले तत्त्व: एकालाच ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट त्याने दडवू नये, आणि हे बंधन दोन्ही पक्षांवर आहे.

याच खटल्यात विमा जुळवून देणाऱ्या दलालाची साक्ष झाली. कार्टरची पत्रे दाखवली असती तर बोएमने जोखीम घेतली नसती, असे तो म्हणाला. मॅन्सफिल्ड यांनी ते त्याचे वैयक्तिक मत म्हणून बाजूला सारले. दलालाने स्वतःच्या अशिलाला काय सांगायला हवे, हा मात्र त्या निकालाचा विषयच नव्हता.

तो प्रश्न पुढेही मागेच पडत गेला. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्याने विमेदाराबरोबर त्याच्या दलालावरही विमा कंपनीला माहिती देण्याची जबाबदारी टाकली. पण दलाल अशिलाचा आणि त्याची दलाली देणारी विमा कंपनी, ही मूळ विसंगती कायम राहिली. १९७७ च्या कायद्याने नोंदणीशिवाय 'इन्शुरन्स ब्रोकर' म्हणवून घेण्यास बंदी केली, तेव्हा अनेकांनी नोंदणी टाळून 'सल्लागार' अशी पाटी लावली.

या विसंगतीची खरी किंमत दिसली ती न्यूयॉर्कमध्ये. ऑक्टोबर २००४ मध्ये तेथील महाधिवक्ता एलियट स्पिट्झर यांनी मार्श या बलाढ्य ब्रोकर कंपनीवर खटला भरला. जास्त धंदा दिल्याबद्दल विमा कंपन्यांकडून वेगळे मानधन घेणे आणि स्पर्धा दिसावी म्हणून बनावट दर मागवणे, असे आरोप होते. काही महिन्यांतच ८५ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

आपल्याकडे १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १०७ संस्था चार कंपन्यांत विलीन झाल्या. दलालाला अधिकृत स्थान मिळाले ते २००२ च्या नियमांनी. हे नियम चांगले होते, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. किमान भांडवल, व्यावसायिक चुकीच्या भरपाईचा विमा, प्रशिक्षण आणि पुण्याच्या राष्ट्रीय विमा अकादमीची परीक्षा, शिवाय आचारसंहिता, एवढे सगळे त्यांत होते. परंतु कमिशनचा आकडा ग्राहकाने विचारला तर सांगायचा, हीच पद्धत रूढ राहिली.

हा न्याय उलटा आहे. आरोग्य विम्याच्या प्रस्तावपत्रात मधुमेह लिहायचा राहून गेला, तर विमेदाराचा दावा पहिली काही वर्षे धोक्यात असतो. सामान्य माणसाने आजार स्वतःहून सांगायचा आणि ज्याचा धंदाच विमा समजावण्याचा आहे त्याने मात्र विचारेपर्यंत गप्प बसायचे? एखाद्या योजनेवर दुप्पट कमिशन असेल तर ती सुचवण्यामागचा हेतू तपासण्याचा ग्राहकाला पुरेपूर हक्क आहे. त्यातच २०२३ पासून प्रत्येक योजनेवरची कमिशनची वेगळी कमाल मर्यादा गेली. आता विमा कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चाच्या मर्यादेत तिचे संचालक मंडळच दर ठरवते. मोकळीक वाढली, तेवढी पारदर्शकताही वाढायला हवी होती.

अनेक प्रामाणिक ब्रोकर दावा अडकला की विमा कंपनीशी महिनोन्‌महिने झगडतात. त्यांना आकडा उघड करण्याची भीती वाटू नये. तो त्यांच्या कष्टाचा मोबदला आहे. विमा नियामक इर्डाईने कमिशनची रक्कम टक्क्यांत नव्हे, रुपयांत, प्रस्तावपत्रावर सहीपूर्वी छापणे सक्तीचे करावे. तोवर वाचकांनी सही करण्याआधी हा आकडा लेखी मागावा, आणि देण्यास टाळाटाळ झाली तर दुसरा ब्रोकर शोधावा.