हातचा एक

दिवाळी आली की मला आमच्या जुन्या वाड्यातली ताटं आठवतात. वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती. पाडव्याच्या सकाळी या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात फराळाची ताटं निघत. ताटावर क्रोशाचा रुमाल, रुमालाखाली लाडू-चकली, आणि ताट धरायला आमच्यासारखी, वाटेत एखादी शंकरपाळी तोंडात टाकणारी पोरं. ताट परत करायचं ते रिकामं करायचं नाही, हा वाड्याचा कायदा. घरात काहीच नसेल तर चमचाभर साखर तरी घालायची. आई चकलीचा तुकडा तोंडात टाकी आणि कुणी न विचारताच सांगे, "ही खालच्या काकूंच्या हातची."

आई हिशेब ठेवीत नसे, असं मी म्हणणार नाही. कुणाच्या ताटात किती अनारसे होते हे तिला पुढच्या दिवाळीपर्यंत पाठ असे. पण तो हिशेब कधी पुरता फिटत नसे. एकीचे दोन लाडू जास्त व्हायचे, दुसरीच्या करंज्या कमी पडायच्या, आणि काही ना काही पुढच्या वर्षावर जायचं. बेरजेत हातचा एक राहतो ना, तसं. त्या हातच्या एकावर सगळा वाडा चालला होता, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

कसं कळलं ते सांगते. त्यात माझी फजिती आहे. पण या पानावर दर दिवाळीला माझीच फजिती छापून येते, तेव्हा वाचकांना त्यात नवीन काही वाटायचं नाही.

२०२४ च्या आषाढातली गोष्ट. आमच्या सूनबाई एकदा म्हणाल्या, "आई, तुम्ही दिवसभर क्रोशाची सुई घेऊन बसता आणि केलेलं सगळं कपाटात ठेवता. कपाटानं तरी किती सोसायचं?" आणि त्यांनी मला मोबाईलवरच्या एका गटात घातलं. गटात बावीस बायका. कुणी मुंबईची, कुणी नाशिकची, कुणी कोल्हापूरची, शिवाय बडोद्याच्या दोघी आणि इंदूरच्या एक ताई. बहुतेकींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. वर्षातून एकदा चिठ्ठ्या टाकायच्या. जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिच्यासाठी आपल्या हातानं एक वस्तू करायची आणि दसऱ्याच्या आत पोस्टानं पाठवायची. आपल्याला वस्तू येणार ती मात्र भलतीचकडून.

नियम मोजून चार. सामानाला दोनशे रुपयांवर खर्च करायचा नाही. सोबत आपल्या अक्षरात पत्र घालायचं. मिळालेल्या वस्तूची किंमत कुणी कुणाला विचारायची नाही. आणि पहिला, सगळ्यांत मोठा नियम : वस्तू स्वतःच्या हातची हवी.

आमच्या ह्यांची सारी नोकरी कोर्टात कागद सांभाळण्यात गेली. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे न पाहिलेल्या बाईसाठी तू महिनाभर मान मोडायचीस, आणि मोबदला तिसऱ्याच बाईकडून यायचा. या व्यवहारात उद्या कोणी बुडवलं तर दावा लावायचा कुणावर?"

"दावा लावायचाच नसतो यात," मी म्हटलं. किती तोऱ्यात म्हटलं होतं, ते आठवून आता हसू येतं.

माझ्या चिठ्ठीत इंदूरच्या ताई निघाल्या. मी त्यांच्यासाठी अननसाच्या नमुन्याचा गोल रुमाल घ्यायचं ठरवलं. पांढरा दोरा आणला, बारीक सुई काढली, आणि आषाढातच सहा फेऱ्या घातल्या. मग श्रावण आला. श्रावणात कुठल्या बाईला सवड असते? मग गणपती आले, गणपतीपाठोपाठ पाहुणे आले, पाहुण्यांपाठोपाठ नातवाची परीक्षा आली. रुमाल सहा फेऱ्यांवर टोपलीत बसून राहिला. घटस्थापना झाली आणि मला घाम फुटला.

त्याच आठवड्यात शहरात हस्तकलेचं एक प्रदर्शन भरलं होतं. तिथं एका टेबलावर तो दिसला. गोल, शुभ्र, अननसाचाच नमुना, आणि कडेला अशी नाजूक कळी की मी जन्मात घातली नसती. विकणाऱ्यानं सांगितलं, हे आंध्रातल्या नरसापूरचं काम. याच वर्षी त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. किंमत साडेचारशे. मी घेतला.

त्यानंतर मी जे केलं ते लिहिताना आजही हात अडखळतो. मी त्यावरची चिठ्ठी कात्रीनं कापली. रुमाल कोमट पाण्यातून काढला, खळ दिली, उशीखाली घालून त्याची दुकानातली घडी मोडली. म्हणजे तो घरचा दिसावा! आणि पत्र लिहिलं : "प्रिय ताई, सोबत रुमाल पाठवीत आहे. गोड मानून घ्यावा." मी केलेला, असं कुठंही म्हटलं नाही. ह्यांनी पत्र वाचलं, चष्मा कपाळावर सारला आणि एवढंच म्हणाले, "साक्षीदार खोटं बोलला नाही. फक्त खरंही बोलला नाही."

पार्सल रजिस्टर पोस्टानं गेलं. (तेव्हा रजिस्टर पोस्ट होतं. २०२५ साली ते स्पीड पोस्टात मिसळून गेलं.)

तोवर मला माझी भेट आली. कोल्हापूरहून. जुन्या सुती लुगड्यांचं शिवलेलं एक दुपटं, धावदोरा कुठं सरळ, कुठं नागमोडी. पत्रात लिहिलं होतं : "मला शिवण फारशी येत नाही. हे पहिलंच. मधला निळा तुकडा माझ्या आजीच्या लुगड्याचा आहे. तुम्ही कोण, कशा, माहीत नाही. पण गटात तुमचा थंडीचा खोकला ऐकला होता, म्हणून पायावर घ्यायला." मी ते दुपटं पायावर घेतलं, आणि मला ते टोचू लागलं. इतकं मऊ दुपटं मला कधी टोचलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी दोन दिवस इंदूरहून पत्र आलं. पाठपोट लिहिलेलं. "ताई, किती डोळे फोडले असतील तुम्ही यावर! मी घरी येईल त्याला दाखवते आहे. कडेच्या कळीचा प्रयत्न मी चार वेळा केला आणि चार वेळा उसवला. किती साखळ्या घालता? कळीच्या आधी मुका खांब आहे की साधा? माघात माझ्या मुलीचं लग्न आहे. रुखवतात तुमचा रुमाल मधोमध मांडणार आहे आणि त्याच्याजवळ तुमचं नाव लिहून ठेवणार आहे. आणि जोडीला तसाच एक मी स्वतः करावा, अशी इच्छा आहे. तेवढं शिकवाल ना?"

वाचकहो, चोरी पकडली जाण्याची भीती मला ठाऊक होती. चोरीबद्दल सत्कार होण्याची भीती त्याहून मोठी असते, हे नव्यानं कळलं.

माझ्यातला लबाड मनुष्य अजून शिल्लक होताच. मी विचार केला, कळी शिकून घेऊ, लिहून पाठवू, कुणाला काय कळतंय! ताईंनी रुमालाचा फोटो पाठवला होता. तो मोठा करकरून, भिंगातून खांब मोजून, मी तीन रात्री सुई घेऊन बसले. तिसऱ्या रात्री कळी साधली. तशी कळी घेत मी माझ्याच एका जुन्या रुमालाच्या कडेनं एक फेरी घातली आणि घड्याळ पाहिलं. एका फेरीला अडीच तास झाले होते. हात क्रोशाला पन्नास वर्षं सरावलेला, तरी अडीच तास.

आणि मग, हिशेब मांडायची सवय आईची, मी मांडायला लागले. आतल्या फेऱ्या लहान असतात, त्या धरून अख्ख्या रुमालाला निदान तीस तास. मी दिले साडेचारशे. त्यांतून दोऱ्याचे पैसे वजा करा. विकणाऱ्याचा नफा, गाडीभाडं, मंडपातल्या टेबलाचं भाडं वजा करा. मधला व्यापारी असेल तर तोही. तीस तास मान मोडणाऱ्या बाईच्या हातात काय पडलं असेल? मी कागदावर आकडा लिहिला आणि खोडला. तो मला दिसायला नको होता.

सूनबाई कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. सकाळी त्यांच्याजवळ विषय काढला, तर त्या एक पुस्तकच घेऊन आल्या. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर लिहिलेलं, १९८२ सालचं. सूनबाई वाचून सांगत होत्या, मी भाजी निवडत ऐकत होते. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना ही कला शिकवली. पुढं माल परदेशी जाऊ लागला, व्यापारी मोठे झाले. बायका घरीच राहिल्या. स्वयंपाकपाणी उरकून रोज सहा-सहा, आठ-आठ तास विणत. आणि मीसबाईंनी पाहणी केली तेव्हा दिवसभराच्या कामाचा पुरता रुपयाही त्यांच्या हाती पडत नव्हता. कारण काय? तर त्या कामकरी नव्हेतच म्हणे. त्या घरात बसणाऱ्या गृहिणी, फावल्या वेळात विणतात!

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. फावला वेळ! हा शब्द माझ्या फार ओळखीचा. माझं सगळं क्रोशाचं काम लोक त्याच खात्यात मांडत आले. पण मला नुसतंच वाईट वाटायचं. त्या बायकांचं पोट त्या शब्दानं कापलं होतं. तेव्हाचे भाव आता नसतील, आज त्यांना चार पैसे अधिक मिळत असतील, मिळोत. पण इतकं निवांत नाव देऊन जिचे हात जगानं एकदा पुसून टाकले, तिचे मी कात्रीनं दुसऱ्यांदा पुसले होते. चिठ्ठी कापून. खळ देऊन. आणि वर त्या जागी माझं नाव लागणार होतं.

रुमाल विकत घेतला हा माझा गुन्हा नव्हे. असा रुमाल घ्यावाच. त्यावर एका घरची चूल चालते. पण ज्या देवघेवीत हातच द्यायचा असतो, तिथं मी दुसरीचा हात माझा म्हणून दिला. बावीस जणींच्या विश्वासापायी चाललेला तो खेळ. कोल्हापूरच्या पोरीनं आपला वाकडा धावदोरा लाज न बाळगता पाठवला, आणि पन्नास वर्षं सुई धरलेल्या मला माझ्या अपुऱ्या सहा फेऱ्यांची लाज वाटली.

मी इंदूरला फोन लावला. ह्यांना बाहेर बसवलं, साक्षीदार नको म्हणून. सगळं सांगितलं, खळीसुद्धा.

पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मग ताई म्हणाल्या, "एक सांगू का? तुम्ही या वर्षी जमलं नाही म्हणून नुसतं पत्र पाठवलं असतं, तरी मला चाललं असतं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"चुकले मी," मी म्हटलं.

"हो, चुकलात," त्या म्हणाल्या. पुन्हा थोडा वेळ गेला. "मग ती कळी?"

"कळी मात्र आता येते मला. तीन रात्री लागल्या."

"सांगा तर मग. कागद घेते."

मी साखळ्या आणि खांब सांगत गेले, त्या लिहून घेत गेल्या. अर्ध्या तासानं फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "आणि तुमचा तो सहा फेऱ्यांचा आहे ना, तो पाठवून द्या. आहे तसा. सुईसुद्धा काढू नका."

तो पाठवला. गटातही सगळं लिहून टाकलं. दोघी-तिघींनी काहीच उत्तर दिलं नाही, आणि त्यांचंही चुकलं नाही. नाशिकच्या एक बाई मात्र मला एकटीला म्हणाल्या, "गेल्या वर्षीची माझी पिशवीसुद्धा बाजारातली होती हो." मी म्हटलं, "ते मला कशाला सांगता? जिला पाठवलीत तिला सांगा."

माघात, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, लग्न झालं. फोटो आले. रुखवतात मधोमध तो शुभ्र रुमाल, आणि शेजारी ताईंच्या अक्षरात लिहिलं होतं : "नरसापूरच्या एका भगिनीच्या हातचा." नाव आम्हांला दोघींनाही ठाऊक नव्हतं, म्हणून नाव नाही; पण हात होता. त्याच्या जोडीला ताईंनी स्वतः केलेला, कळी किंचित तिरकी झालेला रुमाल.

आणि माझा सहा फेऱ्यांचा? तो काही परत आला नाही. ताईंनी त्यावर एक फेरी घातली आणि बडोद्याला पाठवला. तिथून तो मुंबईला गेला, मग नाशिकला. दर बाईनं एक फेरी घालायची आणि पुढं द्यायचा, असं आपोआपच ठरत गेलं. कुणाचा टाका घट्ट, कुणाचा सैल. फोटोत तो जरा वाकडातिकडाच दिसतो. सध्या कोल्हापूरला आहे. तिथल्या त्या मुलीला क्रोशा येत नाही, ती साखळीपासून शिकते आहे. म्हणजे लवकर काही सुटत नाही.

या पाडव्याला फराळाचं ताट झाकायला मला दुसरा रुमाल शोधावा लागेल. ताटात चकली माझ्या हातची आहे. अनारसे मात्र या वर्षी विकतचे, आणि ज्या बाईंनी ते करून दिले त्यांचं नाव मी चिठ्ठीवर लिहून ताटात ठेवणार आहे. ह्यांनी विचारलं, "हे कशाला?"

म्हटलं, "हातचा एक विसरला की बेरीज चुकते."