आजोबांना नवा अभंग द्या



खते-बियाणे बाजूला ठेवून आज घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी लिहितो.

आजोबा अख्खा हरिपाठ न अडखळता म्हणतात, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे असे आपण धरून चालतो. इथेच फसगत होते. लहानपणी घोकलेले, चालीवर बसलेले पाठांतर खोल रुजलेले असते. विस्मरणाच्या आजारातही ते पुष्कळ काळ टिकते. आजार बहुधा आधी नव्या आठवणी खातो. गोळी घेतली की नाही, मोटार बंद केली की चालूच आहे, हे वारंवार विसरू लागले, पायाखालच्या वाटेवर चुकू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

जुने म्हणत राहावेच, पण मेंदूला खरे काम पडते ते नव्याने. महिन्याला न येणारा एक अभंग घ्यावा. रोज दोन ओळी पुरेत. मात्र पोथीत बघून म्हणत बसू नये. पोथी मिटून आठवावे, अडले तरच उघडावी. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने पुन्हा म्हणावा. आठवण्याच्या धडपडीनेच पाठांतर पक्के होते.

आयाबायांचा हा अभ्यास जात्यावर आपोआप होत असे. जुन्या ओव्या म्हणता म्हणता नवी ओवी जुळे. पिठाच्या गिरणीने कष्ट वाचवले हे बरेच झाले, पण ओवीही गेली. आजीला त्या विचाराव्या, नातीने वहीत उतरवाव्या. पावकी, दिडकी, औटकी येणाऱ्यांनी नातवंडांना शिकवावी.

न्यूयॉर्कमधील ४६९ वृद्धांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य व नाच यांची सवय असलेल्यांत हा आजार कमी आढळला. त्याने आजार टळतोच असे ठरत नाही. ज्यांचे डोके ठीक, तेच अशा गोष्टींत रमत असतील. पण टाळ धरायला खर्च तो काय?

कानांकडे मात्र लक्ष द्या. आजाराचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत कमी ऐकू येणे, रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणाही मोडतात. ऐकू येईना की माणूस भजनाला जाणे सोडतो आणि ओसरीवर एकटा बसतो. कधी कधी कानात नुसता मळ साचलेला असतो. काडीने कोरू नका, दवाखान्यात काढून घ्या.