आमंत्रणे आणि पाने

गेल्या वार्षिक परीक्षेनंतरची गोष्ट. आमच्या शाळेच्या संगणकावर छायाचित्रांसह मोठे निकालपत्रक तयार होत होते. एकाएकी ते पडद्यावरून नाहीसे झाले. दोन तासांचे श्रम व्यर्थ गेले. लिपिकमहाशयांस आम्ही चार शब्द सुनावले. पुढे आमचा एक माजी विद्यार्थी, जो आता संगणक अभियंता आहे, भेटीस आला. यंत्रातील नोंदी पाहून तो म्हणाला, "सर, यांची काही चूक नाही. स्मृती संपली, म्हणून कर्नलने तो प्रोग्राम बंद पाडला."

कर्नल म्हणजे संगणकाचा कारभार पाहणाऱ्या प्रणालीचा गाभा. आमच्या यंत्रावरील लिनक्स कर्नल हेलसिंकीच्या लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली रचावयास घेतला. स्मृती मोजकी आणि मागणारे अनेक. तेव्हा तिची वाटणी हे कर्नलचे मुख्य कर्तव्य. ही वाटणी तो बहुधा ४,०९६ बाइटांच्या 'पानां'नी करतो. सलग पाने हवी असल्यास मोठा तुकडा निम्मा, पुन्हा निम्मा असा विभागतो. आणि दोन्ही जोडीदार मोकळे होताच ते पुन्हा सांधतो. भावाभावांत वाटली गेलेली जमीन अशी पुन्हा एक झालेली आम्ही तरी पाहिली नाही!

खरी मौज पुढेच आहे. प्रोग्रामने जागा मागितली की कर्नल बहुधा होकार देतो, परंतु त्या वेळी देतो ते केवळ वचन. प्रोग्राम त्या जागेत प्रथम काही लिहू जातो, तेव्हाच खरे पान मांडले जाते. बहुतेक प्रोग्राम मागतात त्याहून कमी वापरतात, हे त्यास ठाऊक असते. पाचशे आमंत्रणे धाडून तीनशे पाने मांडणाऱ्या यजमानाचाच हा हिशेब!

पण सारेच निमंत्रित आले तर? प्रथम फारशी न वापरलेली पाने डिस्कवर हलविली जातात. तेवढ्यानेही भागले नाही, तर कर्नल एकास भरल्या पानावरून उठवितो. सामान्यतः ज्याने सर्वांत अधिक स्मृती व्यापली, त्याची निवड होते. शेवटचा घास मागणारा कदाचित सुटतो. उठविलेल्यास निरवानिरवीची सवडही मिळत नाही. आमचे निकालपत्रक असेच गेले.

"मग आधीच नकार का देत नाही?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, तशी सक्ती करता येते, एखाद्या प्रोग्रामास अभयही देता येते. पण वचने मोजून दिली, तर पुष्कळ स्मृती रिकामी पडून राहते."

पटावरील सारी मुले एकाच दिवशी आली, तर आमच्या शाळेतही बाके पुरत नाहीत. तेव्हा कर्नलला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र वाचकहो, केलेले काम घडोघडी डिस्कवर जतन करीत जावे. स्मृतीतील जागा ही अखेर उसनवार आहे.

दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष आम्ही लिपिकमहाशयांची क्षमा मागितली. ते हसून म्हणाले, "साहेब, चहा मागवा."