काश गवताची गुणसूत्रे आणि उसाचे भवितव्य

उत्तर प्रदेशातील ऊसपट्ट्यात काही वर्षांपूर्वी बहुतांश क्षेत्र व्यापणारा को-0238 हा वाण लाल कूज रोगाला बळी पडू लागल्यापासून एकाच वाणावर विसंबण्यातील धोका स्पष्ट झाला आहे. महाराष्ट्रातही को-86032 या वाणाचे दीर्घकाळ वर्चस्व आहे. पर्यायी वाणांचा शोध अखेर ज्या वनस्पतीपाशी पोहोचतो, तिला शेतकरी तण मानतो. नदीकाठी शरद ऋतूत पांढरे तुरे मिरवणारे काश गवत हीच ती वनस्पती होय.

बहुतेक सजीवांत एका प्रजातीची गुणसूत्रसंख्या ठरलेली असते. काश गवत त्याला ठळक अपवाद आहे. त्याच्या निरनिराळ्या समूहांत ही संख्या 40 पासून 128 पर्यंत आढळते. गोड, जाड कांडीच्या मूळ उसात मात्र ती 80 असते. या दोहोंच्या संकरात एक विलक्षण गोष्ट घडते. मादी म्हणून वापरलेला ऊस बहुधा आपली सर्व 80 गुणसूत्रे संततीस देतो, तर काश निम्मीच देते. साहजिकच, 64 गुणसूत्रांच्या काशापासून 112 गुणसूत्रांची संतती मिळते.

कोइम्बतूर येथे 1912 मध्ये स्थापन झालेल्या ऊस पैदास संस्थेत सी. ए. बार्बर आणि टी. एस. व्यंकटरामन यांनी याच मार्गाने को-205 हा वाण सिद्ध केला. 1918 मध्ये तो उत्तर भारतासाठी प्रसारित झाला. पुढे जानकी अम्मल यांनी तेथेच काश व उसाच्या पेशींचा मूलगामी अभ्यास केला. आजच्या वाणांचा काटकपणा, खोडव्याची क्षमता आणि रोगांना तोंड देण्याची शक्ती यांत काशाचा वाटा मोठा आहे. त्यांच्या गुणसूत्रांतील त्याचा हिस्सा मात्र अल्प असतो.

याचा धोरणात्मक अर्थ महत्त्वाचा आहे. प्रजाती एकच असली तरी तिचा एखादा नमुना जतन करून भागत नाही, कारण प्रत्येक नदीखोऱ्यातील समूहाची जनुकीय ठेव वेगळी असू शकते. वाळूउपसा, बांधबंदिस्ती आणि काठावरील अतिक्रमणे यांमुळे असे समूह नोंद होण्यापूर्वीच नष्ट होऊ शकतात. बाहेरून सारखेच दिसणारे गवत नाहीसे झाले, तरी नेमके काय गमावले हे कळतही नाही.

अर्थात, अधिक गुणसूत्रे म्हणजे अधिक चांगला ऊस असे नव्हे. काशासोबत बारीक कांडी व कमी साखर हे दोषही येतात आणि ते दूर करण्यासाठी पुन्हापुन्हा उसाशी संकर करावा लागतो. नवा वाण शेतात पोहोचण्यास दशकाहून अधिक काळ लागू शकतो. 2018 मध्ये काशाचा आणि 2024 मध्ये आर-570 या संकरित उसाचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्याने उपयुक्त जनुकांचा शोध सुकर झाला असला, तरी संगणकातील नोंद जिवंत रोपाची जागा घेऊ शकत नाही. रोग पसरल्यावर संग्रहाची आठवण होण्याऐवजी नदीकाठांचे सर्वेक्षण आणि संग्रहांना स्थिर निधी यांची तरतूद आधीच होणे हितावह ठरेल.